मामाचं रुखवत

"बन्सी, सुमीचं रुखवत तूच कर," अक्का म्हणाली, आणि माझा बशीतला चहा बशीतच राहिला. सोनपेठच्या पहिल्या गाडीनं ती आली होती. परभणीच्या स्टँडवरून उन्हात चालत आल्यामुळं तोंड लाल झालेलं, पदरानं वारा घेत, 'जरा पाणी दे' म्हणावं तशा आवाजात ती हे बोलून गेली. आपण काय बोललो ते तिला काय माहीत! उभ्या आयुष्यात मला 'करू नको' म्हणणारे ढिगानं भेटले. वडील म्हणाले, हेडमास्तर म्हणाले, घरमालकानं तर भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. 'कर' म्हणणारं माणूस पन्नाशीला आल्यावर भेटलं, तेही सख्ख्या थोरल्या बहिणीच्या रूपात. मी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "काय करू?" "काय करू म्हंजे? तू चित्रकार हायस न्हवं? नवरीचा मामा चित्रकार असून रुखवतातला बंगला बाजारातून आणायचा का? जिंतूरवाले हसतील आमाला." एवढं बोलून ती रुख्मिणीकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं, वळली आणि दोघी लुगड्यांवर बोलायला लागल्या. मी मात्र तिथंच अडकलो. 'तू चित्रकार हायस न्हवं?' हा प्रश्न मी स्वतःला रोज दाढी करताना विचारत होतो. पण 'हो' हे उत्तर धरून चालून दुसऱ्या कुणी तो विचारलेला आजवर ऐकला नव्हता. चहा गार झाला तो झालाच.

आता माझी चित्रकला म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हीही अक्कासारखेच फसाल. मी हैदराबादला शिकलो, परभणीत एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि पोरांना जन्मभर कमळ, कळशी आणि पोपट शिकवला. घरी मात्र मी कशाचंही चित्र काढत नाही. कशाचंही नाही म्हणजे कशाचंच नाही. अमूर्त. रंग परवडेनात म्हणून आधी डांबर धरलं. कुठं रस्त्याचं काम निघालं की मी डबा घेऊन हजर. मग गोणपाट आलं, मग पत्रे, मग सरकी, मग खिळे. खिळ्यांचं चित्र एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये लावलं, तर संध्याकाळपर्यंत त्याच्यावर टोप्या, पिशव्या आणि एक छत्री लटकत होती. मी चिडलो. घरी येताना मनात आलं की टोप्यांमुळं चित्र बरंच सुधारलं होतं, आणि या विचारानं मी आणखीच चिडलो. रुख्मिणी माझ्या कामांना मालावरून ओळखते: ते डांबराचं, ते पत्र्याचं, ते वास येतंय ते. "हे वाळलं का, का आजून चित्रच हाय?" एवढंच ती विचारते, आणि खरं सांगायचं तर हैदराबादच्या कुठल्याही प्रोफेसरनं याच्याइतका नेमका प्रश्न मला विचारलेला नाही. नामांतराच्या वादात बोर्ड रंगवायला माझ्याकडं दोन्ही बाजूंची माणसं आली. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारी आली आणि बदलू नका म्हणणारीही आली. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत: "मास्तर, अक्षर वाचता आलं पाहिजे बगा." त्याच वादाच्या सुरुवातीला, अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीनंतर, एका वस्तीपाशी मला जळका पत्रा पडलेला दिसला. निळा, तांबडा, मधेच मोरपिशी. असला रंग कुठल्या डबीत मिळत नाही. मी तो सायकलला बांधायला लागलो. मागं एक म्हातारा उभा होता. तो ओरडला नाही की काही नाही. "मास्तर, आमच्या घरावरला हाय त्यो," एवढंच म्हणाला. मी पत्रा होता तिथं ठेवला. तेव्हापासून वाटेतली काडी उचलायची झाली तरी मी आधी विचारतो, ही कुणाची.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आम्ही दोघं सोनपेठला गेलो. गाडीत बसल्या बसल्या रुख्मिणीनं बजावलं, "पोरीचं लगीन हाय. तुमचं प्रदर्शन न्हाई. सुपारीचे भटजी करा, खोबऱ्याची मोटार करा, अन् गप बसा." मी मान डोलावली. खोटी नाही, मनापासून डोलावली. मलाही सुमीचं लग्न नीट व्हावं असंच वाटत होतं. ही पोर लहानपणी माझ्या डांबरात बसली होती आणि तिचा परकर तसाच मी एका चित्रात लावला होता. अक्काच्या ओट्यावर बसून मी सुपाऱ्या घेतल्या, धोतरं नेसवली, शेंड्या चिकटवल्या. पण डोळे काढले की प्रत्येक भटजी आमच्या हेडमास्तरांसारखा दिसायला लागायचा. सप्तपदीच्या सात पाटांवर सात हेडमास्तर! खोबऱ्याच्या मोटारीचं चाक मी लावलं आणि मुंग्यांनी नेलं. ओट्यावर बसलं की समोर दाजींचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं, किशनरावांचं रान सरळ खाली नदीच्या अंगाला उतरत गेलेलं दिसायचं. मी त्याच्याकडं बघत बसायचो. बघत म्हणजे नुसतं डोळे तिकडं ठेवून. ऊन पांढरं झालेलं, कुठंतरी मोटर पंपाची फटफट, आणि डोक्यात काही नाही. असं काही नसणं मला परभणीत कधी मिळालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी गोठ्यातली मोडकी बाज ओढून काढली.

मग मला कळेना मी काय करतोय ते, आणि यासारखं सुख नाही. बाजेवर गोणपाट ताणलं, त्याच्यावर काळी माती डिंकात कालवून थापली. तुराटीच्या काड्या बसवल्या, करडईची टरफलं पेरली, अक्काच्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी शिवली, डबा भरून आणलेलं डांबर एका वळणानं वरून खालपर्यंत ओढत नेलं. "अक्का, हे गोणपाट कुणाचं?" "आपलंच." "ही माती कुणाची?" "आपलीच रे." "अन् ह्या काड्या?" "तुझ्या बापाच्या! घे की मुकाट्यानं, सारखं काय इचारायलास!" दाजी शेतातून येता-जाता थांबायचे. कमी बोलणारा माणूस. बाजेकडं बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि "चालू द्या" म्हणून पुढं जायचे. त्यांच्या डोक्यात लग्नाचंच चाललं होतं. सोयरीक जमवायला नवऱ्या मुलाचे वडील, जिंतूरचे व्यंकटराव, आले होते तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणं दाजींचं सगळं रान बांधाबांधानं फिरून पाहिलं होतं, आणि नदीकडचं चार एकर पोराच्या नावावर करा, असा शब्द हळूच टाकला होता. दाजी 'न्हाई' म्हणाले. अक्काचं घर चालतं तेच त्या चार एकरांवर. वरची जमीन नुसती खडकाळ. व्यंकटरावांनी विषय सोडला आणि पोशाख, भांड्यांवर मिटलं. पण मिटलेलं पुन्हा उघडू नये म्हणून अक्का रोज देवापुढं दोन उदबत्त्या लावत होती. शेवटी मी बाजेच्या खालच्या अंगाला पळसाचं पान घातलं आणि त्याच्यावर गुळाची लहान वाटोळी ढेप बसवली. तिथं काहीतरी जड आणि पिवळं पाहिजेच होतं. ढेप बसली आणि सगळं चित्र एकदम गप झालं. मी मागं सरकलो. च्यायला, जमलं होतं! एवढ्या वर्षांत असं जमलं नव्हतं. मी गोठ्यात एकटाच हसलो आणि म्हशीनं माझ्याकडं बघितलं.

रुख्मिणी बघायला आली. बाजेभोवती फिरली आणि म्हणाली, "बाजेचं चांगलं झालंय." तिच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग तिनं आवाज बारीक केला. "पन रुखवतात ठेवू नका. कुणी इचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं, बाजारातला बंगला, मोटार, भटजी सगळं मांडा की पुढं, हे मागं राहील. अक्कानं बाजेकडं पाहिलं आणि तिचा चेहरा जरा उतरला, पण भावाला 'कर' म्हणून बसली होती. बोललेला शब्द मागं घेणारी बाई नव्हे ती. "मागंच ठेव पर," म्हणाली.

लग्नाच्या दिवशी जिंतूरची मंडळी टेंपोतून उतरली ती थेट रुखवतावर. अक्षता पडायला अजून अवकाश होता. रुखवताला वरपक्षाच्या बायकांनी नावं ठेवायची आणि वधूपक्षानं उखाण्यानं उत्तर द्यायचं, ही रीतच आहे. नावं ठेवायच्या कामात नवऱ्या मुलाची आत्या चतुराबाई तरबेज होती. बंगल्याला खिडक्या कमी, भटजी उपाशी, मोटारीला डायवर न्हाई, असं करत करत ती मागं पोचली आणि थबकली. "हे काय हाय?" ती वधूपक्षाच्या पोरींकडं वळली. "नाव घ्या की! रुखवतात ठेवलंय म्हंजे उखाणा पाहिजे." सुमीच्या मैत्रिणी एकमेकींच्या मागं लपायला लागल्या. बंगल्याचा उखाणा होता, करंजीचा होता, तुळशीचा होता. याला नावच नाही तर उखाणा कुठला? मी हैदराबादला सगळ्या चित्रांखाली 'अनामिक' असं लिहीत असे, ते मला किती स्वस्तात पडलं होतं, हे तेव्हा कळलं. तेवढ्यात रुख्मिणी पदर खोचून पुढं झाली: "रुखवतात ठेवलं गोणपाट, गोणपाटावर ठेवला गूळ, नवरीच्या मामाला लागलंय जुनंच खूळ!" मांडव हसला. चतुराबाईसुद्धा हसली. मीही हसलो, रागही आला, आणि बायकोवर मायाही आली. सुटलो असं वाटलं.

सुटलो नव्हतो. हसणं ऐकून व्यंकटराव आले. उंच, वाळका माणूस, डोक्याला फेटा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ते बाजेसमोर उभे राहिले. आता माणूस चित्राकडं किती वेळ बघतो, याचा मला दांडगा अनुभव आहे. पाणी प्यायला जाताना वाटेत खांब लागला तर तो खांबाकडं जेवढा वेळ बघेल, तेवढा. व्यंकटराव बघतच राहिले. हात मागं बांधून जवळ गेले, मागं सरकले, खाली उकिडवे बसले, एक डोळा मिटला. बोट मातीला न लावता मातीवरून फिरवलं. मांडवात वाजंत्री चालली होती, पोरं पायात येत होती, पण तो माणूस हलेना. बघ बाबा, बघ. तुझ्यासाठीच मी डांबराचे डबे वाहिले. हा डोळा कधीतरी येणार आणि असा उकिडवा बसणार, म्हणूनच मी एवढी वर्षं घरमालकांची बोलणी खात आलो. त्यांनी त्या डांबराच्या वळणावर बोट थांबवलं आणि स्वतःशीच म्हणाले, "हा वढा."

कसला ओढा! तो ताण होता. ते वळण कुठं वळवायचं यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या. व्यंकटरावांचं बोट पुढं निघालं. "ही करडई. हा बांध, पडलाय जरा. हा हिरवा, उसाचा तुकडा. हे नदीकडचं काळं रान. अन् ही," बोट गुळाच्या ढेपेवर आलं, "ही इहीर." मी मनात म्हटलं, खेडवळ माणूस, याला काय कळणार! आणि मग मला ओढा दिसला. ओढाच होता हो! बांध होता, पडलेला होता, विहीर जिथल्या तिथं होती. ओट्यावर बसून डोळे नुसते तिकडं ठेवले होते, डोक्यात काही नव्हतं. तेव्हा हातांनी गुपचूप हा उद्योग केला होता. कशाचंच चित्र काढायचं नाही म्हणून जन्मभर लोकांची थट्टा सोसली, आणि शेवटी काढलं काय, तर दाजींचं शेत, तेही तलाठ्याला जमणार नाही इतकं बरोबर. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम होतात हे मला माहीत नव्हतं.

व्यंकटराव उठले आणि वळून मोठ्यानं म्हणाले, "किशनराव, मानलं तुमाला! तोंडानं न्हाई म्हनलात, अन् नदीकडचं रान रुखवतात मांडलंत. लय मोठं मन हाय." जिंतूरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. 'नवरदेवाला चार एकर' ही बातमी बघता बघता आचाऱ्यापर्यंत पोचली. दाजींच्या हातात पाण्याची कळशी होती, ती तशीच कलती राहिली आणि पाणी त्यांच्याच पायावर पडत राहिलं. अक्षतांच्या आधी, भर मांडवात, नवऱ्या मुलाच्या बापाला 'नाही' म्हणायचं म्हणजे वऱ्हाड माघारी धाडायचं. आणि 'हो' म्हणायचं, तर उद्यापासून अक्कानं खायचं काय? अक्कानं मांडवाचा खांब धरला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती.

मी व्याह्यांपुढं झालो. "इवाई, ती जमीन न्हाई."

"मग काय हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मी हैदराबादपासून तयार करत आलो होतो. ताण, पोत, अवकाश, अंतर्मन. एकट्यानं फिरताना कितीदा बोलून पाहिलेलं, अर्धा तास सहज चाललं असतं. आता समोर मांडवभर माणसं उभी, आणि विचारणारा असा, की ज्यानं खरोखर पाहिलंय. पण मी 'काहीतरी आहे' एवढं जरी म्हटलं असतं, तरी त्या काहीतरीचं चार एकर व्हायला वेळ लागला नसता. "काहीच न्हाई," मी म्हणालो. "काहीच न्हाई म्हंजे?" "म्हंजे कायबी न्हाई. गोणपाटाला माती फासलीय. मला यात काही येत न्हाई, नुसता चाळा हाय." हेडमास्तर, वडील, घरमालक सगळे जन्मभर हेच सांगत होते, आणि मी ते स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या सगळ्यात चांगल्या चित्रासमोर उभा राहून कबूल करत होतो.

व्यंकटराव हसले. "मास्तर, मला येडं समजायलात का? बांधाबांधानं फिरलोय मी." मी बाज धरली आणि सरळ उलटी केली, वरचं अंग खाली, खालचं वर. "हे बगा. असंबी चालतं, तसंबी चालतं. जमीन असती तर चाललं असतं का?" व्यंकटरावांनी मान वाकडी केली, फेटा सावरला. "चालतंय की. आता नदीकडून गावाकडं बघायलाव. इहीर तिथंच हाय." लोक 'हाय, हाय' म्हणून माना डोलवायला लागले. अरे देवा! एका झटक्यात एवढे रसिक!

मग मी ती विहीर उपटली. पळसाच्या पानासकट ढेप हातात आली, मातीत वाटोळा खळगा पडला आणि सगळं चित्र लुळं पडलं. ते मला पोटात कळलं, दात उपटल्यासारखं. मी ढेप फोडली, एक खडा तोंडात टाकला आणि दुसरा व्यंकटरावांपुढं धरला. "घ्या इवाई, तोंड गोड करा." लग्नाच्या मांडवात नवरीच्या मामानं गूळ पुढं केला तर नाही म्हणता येत नाही, तो अपमान होतो. व्यंकटरावांनी माझ्या हाताकडं बघितलं, खळग्याकडं बघितलं. घेतला. मग मी चतुराबाईला दिला, पोरांना दिला, वाजंत्र्यांना दिला. "मामानं इहीर खाल्ली!" एक पोरगं ओरडलं आणि सगळा मांडव पुन्हा हसायला लागला. हसण्यात विहीर गेली, तिच्या मागं ऊस गेला, चार एकर गेलं. ज्याची विहीर सगळ्यांनी मिळून चावून खाल्ली, ते रान मागायला कुणाचं तोंड होईना. दाजींनी कळशी सरळ केली. भटजींनी हाक मारली आणि अक्षता पडल्या.

दिवस कलल्यावर टेंपोत रुखवत चढवायला घेतलं. रीतीप्रमाणं सगळं नवरीबरोबर जायचं, म्हणून बाजही जायची. मी ती दोरीनं बांधत होतो. दुसऱ्या अंगाला दाजी दोरी धरून उभे होते, कान माझ्याकडं. व्यंकटराव आले, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याजवळ वाकले. "मास्तर, जमिनीचं सोडा. न्हाई मागत. पन खरं सांगा, ती इहीर व्हती का न्हाई?" त्यांच्या तोंडावर खरंच काही डाव नव्हता. आपण बरोबर पाहिलं की चुकीचं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. बसा इथं, सांगतो, ओढा कसा वळला ते सगळं सांगतो, असं ओठांपर्यंत आलं. दाजींच्या हातातली दोरी ताठ झाली. "गूळ व्हता, इवाई," मी म्हणालो. "नुसता गूळ."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा डोळ्यांना लावला. बाजेवरच्या खळग्याकडं एकदा बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काहीबी म्हना मास्तर," ते हळूच म्हणाले, "पानी लय गोड व्हतं."

टेंपो सुरू झाला. सुमी पुढं बसून रडत होती, अक्का ओट्यावर रडत होती, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं, लहान पोरासारखा हुंदके देत रडायला लागलो. पाठवणीला मामा रडतोच, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.